पाण्याचा अहवाल निर्दोष, मग गाळाचे आणि तिसऱ्यांचे काय?

करवीरवासी (धागालेखक)

कोकणातल्या एखाद्या खाडीत मासे मेल्याची बातमी आली की तिच्या पाठोपाठ दुसरी बातमी ठरलेली असते: पाण्याचे नमुने घेतले, सामू आणि विरघळलेला प्राणवायू मर्यादेत आढळला, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. कोल्हापूरची ओळख तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची असली, तरी आंबा घाट आणि गगनबावड्याचे घाट चढून येणारी मासळी नेमाने खाणारी घरे इथे थोडी नाहीत. हंगामात तिसऱ्या, मुळे आणि कालवे हे शिंपलेही येतात. त्यामुळे खाडीत काय मिसळते आहे, हा प्रश्न केवळ किनाऱ्यावर राहणाऱ्यांचा राहत नाही.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, आणि त्या आधारावर माझे म्हणणे एवढेच आहे की खाडीतले औद्योगिक प्रदूषण पाण्याच्या बाटलीत शोधणे म्हणजे ते सापडू नये अशा ठिकाणी शोधणे होय. खाडीतले पाणी दिवसातून दोनदा भरतीबरोबर आत येते आणि दोनदा ओहोटीबरोबर बाहेर जाते. कारखान्याचे पाणी रात्री सुटले आणि नमुना दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला, तर त्या बाटलीत दुपारचे पाणी असते, रात्रीचे नसते. शिवाय पारा, कॅडमियम, शिसे यांसारखे धातू पाण्यात फार काळ विरघळलेले राहत नाहीत. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जिथे भेटते, तिथे चिखलाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि त्यांच्यावर बसलेले धातू घेऊन तळाशी जातात. पाणी स्वच्छ दिसते, अहवाल स्वच्छ येतो आणि तळाचा गाळ वर्षानुवर्षे भरत राहतो.

त्या गाळावर आणि त्यावरच्या पाण्यावर जगणारे प्राणी म्हणजे शिंपलीवर्गातले जीव. एक मोठे शिणाणे (खडकाला चिकटून राहणारा लांबट शिंपला) तासाला साधारण एक-दोन लिटर पाणी आपल्या कल्ल्यांतून गाळते. अन्नाच्या कणांबरोबर येणारे धातू आणि तेलकट सेंद्रिय रसायने त्याच्या मांसात साठतात, आणि कित्येक पदार्थांचे तिथले प्रमाण आजूबाजूच्या पाण्यातल्या प्रमाणाच्या हजारो पट होते. मासा पोहून दूर जाऊ शकतो, शिणाणे खडकाला चिकटून राहते, म्हणून त्याच्या शरीरातला धातू त्याच ठिकाणचा असतो. हे ओळखून एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी समुद्ररसायनशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये जगभरच्या किनाऱ्यांवर शिंपल्यांच्या साहाय्याने पाळत ठेवावी असे सुचवले, आणि अमेरिकेत १९८६ पासून अशी पाहणी राष्ट्रीय पातळीवर नियमितपणे सुरू झाली. आपल्या किनाऱ्यावरचे हिरवे शिणाणे आणि खडकावरची कालवे या कामाला उत्तम आहेत.

आपल्याकडे पाण्याला मानके आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांत किनाऱ्याच्या पाण्याचे एसडब्ल्यू-एक ते एसडब्ल्यू-पाच असे वर्गही केलेले आहेत, आणि शिंपल्यांची मासेमारी पहिल्या वर्गात धरलेली आहे. गाळासाठी मात्र स्वतंत्र वैधानिक मर्यादा नाही. या विषयाशी संबंध आलेल्या मंडळींनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.


अन्नपूर्णा_राजारामपुरी

सर, आपले विवेचन समजले, पण माझा प्रश्न स्वयंपाकघरातला आहे. तिसऱ्या आणल्या की आम्ही त्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवतो. त्या हळूहळू तोंड उघडतात, रेती टाकतात, मग पाणी बदलून पुन्हा ठेवतो. रश्शात उकळी आल्यावर जी तिसरी उघडत नाही, ती काढून टाकतो. एवढे केल्यावर आपण म्हणता ते धातू निघून जात नाहीत का?


करवीरवासी

ताई, आपण करता ते योग्यच आहे आणि ते थांबवू नये, परंतु त्याने जे जाते ते वेगळे. रेती जाते, आतड्यातला चिखल बराचसा जातो आणि स्वच्छ खाऱ्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवल्यास जिवाणूंचे प्रमाण कमी होते. परदेशांत शिंपले विक्रीपूर्वी शुद्ध पाण्याच्या टाक्यांत दीड-दोन दिवस ठेवतात ते याचसाठी. विषाणू त्यापेक्षा चिवट असतात. १९८८ मध्ये शांघाय शहरात कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांमुळे सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली होती, म्हणून आपल्याकडची दणदणीत उकळी काढण्याची पद्धत चांगलीच म्हणायची.

धातूंची गोष्ट निराळी आहे. कॅडमियम मांसातल्या प्रथिनांना बांधलेले असते आणि स्वच्छ पाण्यात ठेवले तरी ते कमी व्हायला महिने लागतात. उकळल्याने, तळल्याने किंवा कोकम घातल्याने ते नाहीसे होत नाही. धातू हे मूलद्रव्य आहे, ते शिजत नाही. त्यामुळे या बाबतीत काळजी घ्यायची ती शिंपले कुठून काढले याची, घरी काय केले याने फरक पडत नाही. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की वर्षातून काही वेळा तिसऱ्यांचे सुके करणाऱ्या कोल्हापूरकराने धास्ती घेण्याचे कारण नाही. धोका मोजायचा तो रोज खाडीतले मुळे आणि कालवे काढून तेच खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या कुटुंबाच्या हिशेबाने.


जांभा_आणि_बेसाल्ट

मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी आहे, आणि या चर्चेत एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच यायला हवी असे मला वाटते, कारण ती सोडल्यामुळे अनेक विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि वर्तमानपत्रांतले मथळे फसलेले मी पाहिले आहेत.

गाळातल्या धातूंचा निवाडा करताना बहुतेक जण अमेरिकेतल्या लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन पातळ्या वापरतात. एक खालची, जिच्याखाली तळाच्या जीवांवर परिणाम क्वचितच दिसतो, आणि एक वरची, जिच्या पुढे तो वारंवार दिसतो. तांब्याची खालची पातळी ३४ पीपीएम (दहा लाख भागांत ३४ भाग) आणि वरची २७०, निकेलची २०.९ आणि ५१.६, क्रोमियमची ८१ आणि ३७०. आता आपला कोकण आणि घाटावरचा देश ज्या खडकावर उभा आहे, त्या दख्खनच्या बेसाल्टमध्येच तांबे सहज १०० ते २०० पीपीएम असते. म्हणजे सह्याद्रीवरून कोणत्याही कारखान्याशिवाय वाहून आलेली माती खाडीत साचली, तरी तांब्याची आणि निकेलची खालची पातळी ओलांडली जाते. जगाच्या सरासरी शेल (चिखलापासून बनलेल्या) खडकात तांबे ४५ पीपीएम धरतात. तो आकडा पाया मानून आपल्या गाळाची तुलना केली, तर निसर्गच दोषी ठरतो. त्यात जांभ्याचा भाग आला की लोह आणि ॲल्युमिनियम आणखी वाढतात. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा आणि शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडचे बॉक्साइट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पाया स्थानिकच हवा. तो मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ज्या नदीवर कारखाने नाहीत, पण खडक तोच आहे, अशा शेजारच्या खाडीचा गाळ घेणे. दुसरा, आणि माझ्या मते अधिक खात्रीचा, म्हणजे त्याच खाडीत नळी उभी खुपसून गाळाचा सलग स्तंभ काढणे आणि औद्योगिक वसाहत येण्यापूर्वीच्या थरातले प्रमाण पाहणे. थराचे वय शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून काढता येते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे असल्याने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब लागतो. सीझियम-१३७ चा कमाल थर १९६३ च्या सुमाराचा, म्हणजे वातावरणातल्या अणुचाचण्यांच्या भराच्या काळातला असतो, त्यावरून पहिल्या हिशेबाची पडताळणी होते.

कणांच्या आकाराचेही तेच. धातू बारीक चिकणमातीवर बसतात, रेतीवर नाही. एक नमुना चिखलातून आणि दुसरा रेतीतून घेतला, तर पहिला प्रदूषित आणि दुसरा स्वच्छ असा निकाल येईल, आणि तो निकाल प्रदूषणाचा नसून रेतीचा असेल. यासाठी ६३ मायक्रॉनच्या चाळणीखालचाच भाग तपासावा आणि प्रत्येक धातूचे ॲल्युमिनियमशी किंवा लिथियमशी गुणोत्तर काढावे.


साचेकाम_शिरोली

मी एका लहान फाउंड्रीचा भागीदार आहे, तेव्हा माझे बोलणे कोणत्या बाजूचे आहे हे आधीच सांगून टाकतो. नदीत मासे मेले, खाडीत मासे मेले की बोट पहिल्यांदा कारखान्याकडे जाते. शहरांचे मैलापाणी, शेतातून येणारी खते आणि कीटकनाशके, बोटींचे तेल आणि रंग यांचे काय? जांभा यांनी म्हटल्याप्रमाणे खडकातच तांबे असेल, तर गाळात सापडलेला धातू कारखान्याचाच आहे हे कोण आणि कशाच्या आधारावर ठरवणार? मी हे वाद घालण्यासाठी विचारत नाही. आमच्याकडे तपासणीला येणारे अधिकारीही याचे उत्तर देत नाहीत.


जांभा_आणि_बेसाल्ट

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि केवळ एका धातूच्या आकड्यावरून स्रोत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे मीही म्हणेन. स्रोत ओळखायचा तो अनेक खुणा एकत्र पाहून. तांबे आणि निकेल आपल्या खडकात मुबलक आहेत, म्हणून ती वाईट साक्षीदार. पारा, कॅडमियम आणि चांदी बेसाल्टमध्ये अत्यल्प असतात, त्यामुळे गाळात ती वाढली तर खडकाचे निमित्त चालत नाही. माणसाच्या विष्ठेत कोप्रोस्टॅनॉल नावाचे स्टेरॉल असते. ते गाळात भरपूर सापडले आणि धातू त्याच्या प्रमाणात वाढले, तर मैलापाण्याकडे पाहावे. कोप्रोस्टॅनॉल कमी आणि एखाद्या विशिष्ट रंगाचे, औषधाचे किंवा कीटकनाशकाचे ते बनवताना मधल्या टप्प्यात तयार होणारे रसायन जास्त असेल, तर ते कोणत्या वसाहतीत बनते हे शोधणे कठीण नसते. त्याशिवाय सांडपाण्याच्या नळाच्या तोंडापासून दूर जाताना प्रमाण उतरते का, हेही पाहतात.

बोटींच्या रंगाचा आपला मुद्दा तर इतिहासाने खरा ठरवला आहे. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवे सत्तरच्या दशकात वेडीवाकडी, जाड कवचाची होऊ लागली आणि त्यांची पैदास कोसळली. कारण निघाले बोटींच्या तळाला लावायच्या रंगातले ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे विषारी संयुग. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्या रंगाला बंदी घातली आणि कालवे पुन्हा सावरली. तिथे दोष एकाही कारखान्याच्या सांडपाण्याचा नव्हता. जपानमधल्या मिनामाता येथे मात्र तो निर्विवादपणे कारखान्याचा होता. १९५६ मध्ये तिथला आजार अधिकृतपणे नोंदला गेला, उपसागरातले मासे आणि शिंपले खाणाऱ्या कोळी कुटुंबांत तो पसरला होता, आणि मुळाशी होता चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचे अतिविषारी सेंद्रिय रूप. दोन्ही ठिकाणी पहिली साक्ष शिंपल्यांनी आणि माशांनी दिली.


वाशिष्ठीकाठचा

मी मूळचा दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाचा. नोकरीमुळे कोल्हापूरला स्थायिक झालो, तरी घरचे अजून मासेमारीवर आहेत. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी आणि आमची खाडी यांचा वाद किती जुना आहे हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यात शिरत नाही. नमुने घेण्याच्या पद्धतीविषयी मात्र दोन-तीन गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

वाशिष्ठीत वाहणारे पाणी केवळ तिच्या खोऱ्यातले नाही. कोयनेचे पाणी पोफळी आणि अलोरे येथे वीज तयार करून खाली वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने १९७६ मध्ये त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मुभा दिली. तुम्ही कोल्हापूरकर ज्या कृष्णा खोऱ्यातल्या पाण्याच्या वाटपावरून सांगली-साताऱ्याशी आणि कर्नाटकाशी भांडता, त्याच खोऱ्यातले हे पाणी उन्हाळ्यातही आमच्या खाडीत उतरते. वीजनिर्मिती जास्त चालू असली की गोडे पाणी वाढते, खाडी पातळ होते आणि पाण्याच्या नमुन्यात सगळे मर्यादेत दिसते. निर्मिती बंद असली की तेच सांडपाणी दाट होते. म्हणजे पाण्याचा अहवाल प्रदूषणाइतकाच वीजकेंद्राच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो. गाळ आणि मुळे यांना मात्र वेळापत्रक लागत नाही, म्हणून धागालेखकांचे म्हणणे मला पटते.

दुसरे, गाळाचा नमुना कुठे घ्यायचा हे ठरवताना आमच्या लोकांना कुणी विचारत नाही. यंत्राच्या होडीतून येऊन खाडीच्या मध्यभागी गाळ उचलणारी पकड सोडतात. तिथे ओहोटीचा ओढ जोरात असतो आणि तळाला रेती असते. चिखल बसतो तो वळणाच्या आतल्या बाजूला, खारफुटीच्या मुळांशी आणि जुन्या खाजणाच्या बांधांजवळ. हे माझ्या वडिलांना विचारले असते तर एका वाक्यात सांगितले असते. तिसरे, वाळूउपसा. सक्शन पंपाने जिथे तळ ढवळला आहे, तिथल्या थरांचा आता काही अर्थ उरलेला नाही. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर तर वाशिष्ठीचा गाळ मोठ्या प्रमाणावर काढलाही गेला. तेव्हा शिसे-२१० ने वय काढण्यापूर्वी त्या जागेवर वाळूचा पंप लागला होता का, हे गावात विचारून घ्यावे.


जांभा_आणि_बेसाल्ट

हे फार मोलाचे सांगितलेत. ढवळलेल्या थरात शिसे-२१० चे प्रमाण खोलीनुसार उतरत जाण्याऐवजी वरपासून खालपर्यंत सारखेच दिसते, त्यामुळे फसवणूक निदान ओळखता येते, पण तोवर नमुन्याचा खर्च वाया गेलेला असतो. चांगला स्तंभ मिळाला तर तो पाहण्यासारखा असतो. नळीतून हळूच बाहेर सरकवला की वरचा अर्धा-एक सेंटिमीटर तपकिरी, त्याखाली गर्द काळा आणि सडलेल्या अंड्यासारखा वास. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. त्या बिनप्राणवायूच्या थरात धातू सल्फाइडशी बांधलेले असतात आणि सहसा कुणाला बाधत नाहीत. त्याच थरातले सल्फेट खाणारे जिवाणू मात्र पाऱ्याचा मिथिल पारा करतात. काप प्लास्टिकच्या पातीने करायचे, लोखंडी सुरीने नाही, आणि कडेचा नळीला घासलेला भाग टाकून द्यायचा.


प्रयोगशाळा_सहायक

मी खासगी प्रयोगशाळेत अन्नपदार्थांच्या तपासणीचे काम करते. शिंपल्यांविषयीच्या बातम्या वाचताना मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे ओले वजन आणि सुके वजन यांची सरमिसळ. संशोधक मांस सुकवून, पूड करून मोजतात आणि निकाल सुक्या वजनावर देतात. अन्नाच्या मर्यादा मात्र ओल्या वजनावर असतात. शिंपल्याच्या मांसात साधारण ८० टक्के पाणी असते, म्हणून सुक्या वजनावरचा आकडा ओल्यापेक्षा सुमारे पाचपट दिसतो. समजा, एखाद्या प्रबंधात कालवांमध्ये कॅडमियम सुक्या वजनावर ३ पीपीएम लिहिले आहे. ओल्या वजनावर ते ०.६ होते. युरोपीय संघाची शिंपल्यांसाठीची मर्यादा १ पीपीएम आहे, आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाची २, जिच्यातून कालवे वगळलेली आहेत. वार्ताहर ३ हा आकडा उचलतो, १ शी तुलना करतो आणि ‘तिप्पट विष’ असा मथळा होतो. याच्या उलटही घडते: ओल्या वजनाचा आकडा सुक्या वजनाच्या जुन्या नोंदींशी ताडून प्रदूषण घटले असे सांगितले जाते.

आर्सेनिकच्या बाबतीतही असेच सावध राहावे लागते. समुद्री जीवांत एकूण आर्सेनिक नेहमीच जास्त येते, परंतु त्याचा मोठा भाग आर्सेनोबिटाइन या निरुपद्रवी सेंद्रिय रूपात असतो. असेंद्रिय आर्सेनिक वेगळे मोजल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीही बोलता येत नाही. जस्ताविषयी सांगायचे तर कालवे ते स्वभावतःच प्रचंड साठवतात, शिणाणे साठवत नाहीत. एका खाडीतली कालवे आणि दुसऱ्या खाडीतली शिणाणे यांची तुलना करून कोणती खाडी घाण हे ठरवणे व्यर्थ आहे. जात एक, आकार एक आणि हंगामही एकच हवा, कारण अंडी घालण्याच्या सुमारास मांसाचे वजन बदलते आणि धातू तेवढाच असूनही प्रमाण बदललेले दिसते. पावसाळ्यात गोड्या पाण्याने ही जनावरे दिवसेंदिवस तोंड मिटून बसतात. त्या काळातले नमुने तर घेऊच नयेत.


साचेकाम_शिरोली

ओल्या-सुक्या वजनाचा मुद्दा मला नवीन होता आणि तो आमच्या संघटनेच्या बैठकीत मी जरूर मांडेन. आता एक विचारतो. ही सगळी चर्चा घाटाखालची झाली. आपल्या दारातल्या पंचगंगेचे काय? तिथेही महिन्याला पाण्याचा नमुना आणि तोच सामू, तोच प्राणवायू. इचलकरंजीचे कापड प्रोसेस कारखाने, साखर कारखाने, जयंती आणि दुधाळी नाल्याचे मैलापाणी आणि आम्ही फाउंड्रीवाले एकमेकांकडे बोट दाखवत बसतो. गाळाने हा निवाडा इथे होऊ शकेल का?


करवीरवासी

होऊ शकेल, आणि मला वाटते की खाडीपेक्षा सोप्या रीतीने. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे गाळ धरून ठेवतात. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या) घालतात, पाणी साठते, त्याचा वेग मंदावतो आणि बारीक कण तळाला बसतात. पुढच्या पावसाळ्यापूर्वी बरगे काढतात. म्हणजे प्रत्येक बंधाऱ्यामागे साधारण एका हंगामाचा गाळ वेगळा साठतो, आणि राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ असे हे बंधारे नदीवर ओळीने उभे आहेत. प्रयाग चिखलीच्या वर, जिथे नद्यांचा संगम होतो, तिथला गाळ पाया म्हणून घ्यावा. खडक तोच असल्याने जांभा यांची अट पूर्ण होते. नंतर प्रत्येक बंधाऱ्यामागचा गाळ तपासला, की कोणत्या दोन बंधाऱ्यांच्या दरम्यान कोणता घटक एकदम वाढला हे दिसेल, आणि बोट दाखवण्याचे क्षेत्र तेवढ्या टप्प्यापुरते उरेल.

तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आपण वर्तमानपत्रांत पाहिलेला आहे. वरून दूषित पाणी सुटले की हे घडते, आणि पाण्याचा नमुना घ्यायला माणूस पोहोचेपर्यंत ते पाणी पुढे गेलेले असते. गाळ तिथेच असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तळ खरवडून बराच गाळ शिरोळ तालुक्यातल्या शेतांवर पसरवला, त्याचीही तपासणी व्हायला हवी होती. ती संधी गेली.

शिंपल्यांच्या बाबतीत पंचगंगेत अडचण आहे. गोड्या पाण्यातले शिंपले आपल्या नद्यांत असतात, पण जिथे प्राणवायू शून्यावर जातो तिथे ते जगत नाहीत, आणि जिथे तपासायचे नेमके तिथेच ते सापडत नाहीत. यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे वरच्या स्वच्छ भागातले एकाच आकाराचे शिंपले जाळीच्या पिंजऱ्यात घालून बंधाऱ्याजवळ काही आठवडे टांगणे आणि आधी व नंतरचे प्रमाण मोजणे. ते मेले तर तीही नोंद आहे.


वाशिष्ठीकाठचा

पिंजऱ्याची पद्धत खाडीतही चालेल, मात्र पिंजरा ओहोटीलाही पाण्याखाली राहील एवढा खोल बांधावा, आणि तो कुठे आहे हे गावातल्या एकाच्या तरी जबाबदारीवर सोपवावे, नाही तर पिंजरा चोरीला जातो किंवा आतले शिंपले कालवणात जातात. हसू नका, हे झालेले आहे.


अन्नपूर्णा_राजारामपुरी

मंडळी, चर्चा उत्तम चालली आहे, परंतु हे प्रत्यक्षात करायचे तर पहिले पाऊल कोणते? आमच्या महिला मंडळातल्या काही जणी पंचगंगा घाटावर स्वच्छतेला जातात. केंदाळ काढण्यापलीकडे आम्हाला यात काही करता येईल का?


प्रयोगशाळा_सहायक

नक्कीच करता येईल, ताई. नमुना घेणे हे विशेष शिक्षणाचे काम नाही. ते नेटकेपणाचे काम आहे. प्लास्टिकचा डाव, प्लास्टिकचे तसराळे, जाड नवीन पिशव्या आणि न पुसली जाणारी शाई एवढे पुरते. धातूची कोणतीही वस्तू वापरायची नाही, हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवायच्या. एकाच बंधाऱ्यामागे तीन-चार ठिकाणचा वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर घेऊन एकत्र मिसळायचा. पाऱ्याची किंवा सेंद्रिय रसायनांची तपासणी करायची असेल, तर त्यासाठीचा नमुना काचेच्या बरणीत वेगळा घेऊन लगेच बर्फात ठेवायचा. प्रयोगशाळा निवडताना एकच प्रश्न विचारावा: आमच्या नमुन्याबरोबर प्रमाणित संदर्भ गाळ (ज्यातले धातूंचे प्रमाण आधीच ठाऊक आहे असा) चालवून त्याचा निकाल अहवालात द्याल का? जी प्रयोगशाळा टाळाटाळ करील, तिचा आकडा कितीही मोठा किंवा लहान आला तरी तो घेऊन कुणाच्याही दारात जाऊ नये. नमुना कोणत्या आम्लात विरघळवला हेही लिहून घ्यावे. राजाम्लात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) खडकाच्या स्फटिकात अडकलेला धातू पूर्ण सुटत नाही, हायड्रोफ्लोरिक आम्लात सुटतो, आणि त्या दोन आकड्यांची तुलना होत नाही.


करवीरवासी

तर मग यंदा बरगे काढण्यापूर्वी, म्हणजे मेच्या मध्याच्या आत, प्रयाग चिखलीच्या वरचा एक, राजाराम, इचलकरंजी आणि तेरवाड असे नमुने घ्यावेत असे मी सुचवतो. सगळे बंधारे एकाच वेळी धरण्याचा खर्च पेलवणार नाही. साचेकाम यांनी स्वतः बरोबर यावे, म्हणजे नमुना कुठून आणि कसा घेतला याविषयी उद्योजकांच्या बाजूने नंतर शंका राहणार नाही. खाडीतले मुळे आणि गाळ दिवाळीनंतरच्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला घ्यावेत आणि जागा वाशिष्ठीकाठच्या मंडळींनी दाखवाव्यात. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक भाग गोठवून माझ्याकडे राहील. निकालावर वाद झालाच, तर तो दुसऱ्या प्रयोगशाळेकडे देता येईल.


साचेकाम_शिरोली

मी येतो. गाडी आणि बर्फाच्या पेट्या माझ्याकडून. तारीख येथेच कळवावी.